दारावरचा माणूस

सप्टेंबर ६, शनिवार

दैनंदिनी लिहिणारी माणसं मला नेहमी रिकामटेकडी वाटत आली. तरी आज लिहायला बसलोय, कारण दोष सापडत नाही. बोअरमधला पंप पाणी ओढेनासा झाला की मी वरून खाली जातो. आधी वीज, मग स्टार्टर, केबल, मोटर, आणि सगळ्यात शेवटी पाणी. एकेक खोडत जायचं, उरेल तो दोष. हे मला कुणी शिकवलेलं नाही. पंपही नाही आणि पिस्तूलही नाही. दोन्ही मी स्वतः उघडून, बिघडवून, पुन्हा जोडून शिकलो.

दोष असा आहे. सात यार्डांवरून बशीएवढ्या वर्तुळात जाणाऱ्या माझ्या गोळ्या आता डावीकडे, खाली जायला लागल्या आहेत. सगळ्या नाही, पण दहातल्या तीन तरी. उजव्या हाताचा माणूस चाप ओढायच्या ऐवजी झटकतो तेव्हा असं होतं. हे मी इतकी वर्षं दुसऱ्यांना सांगत आलोय. नवशिक्यांचा दोष आहे हा. माझा असू शकत नाही.

म्हणजे काडतुसं तरी खराब आहेत, नाहीतर पिस्तुलाचा नेम धरायचा पुढचा खुंट सरकलाय. उद्या चर्चमधून आल्यावर बघतो.

सप्टेंबर ७, रविवार

खुंट सरकलेला नाही. काडतुसं बदलून पाहिली, तेच.

सप्टेंबर ९, मंगळवार

रोजचा सराव वाढवला. लोकांना वाटतं, पिस्तूल म्हणजे सायकल, एकदा आली की आली. चूक. सायकल माणसाला विसरत नाही, पिस्तूल विसरतं. महिनाभर हात लावला नाही की शर्ट वर करायचा हात आणि मूठ पकडायचा हात एकमेकांची वाट बघत बसतात. आणि जीवावर बेतलं असताना माणूस ठरवल्याप्रमाणे वागत नाही, सवयीप्रमाणे वागतो. महिन्यातून एकदा खोकंभर काडतुसं उडवणाऱ्यापेक्षा रोज पाच मिनिटं रिकाम्या पिस्तुलानं सराव करणारा केव्हाही सरस. माउंट ऑलिव्ह चर्चच्या सुरक्षा पथकातल्या प्रत्येकाला मी हे इतकं ऐकवलंय की त्यातली टॅमी आता माझ्या आधी म्हणून दाखवते, माझ्याच आवाजात.

माझी पद्धत: पिस्तूल रिकामं करायचं, काडतुसं स्वयंपाकघरात ठेवून यायची, झोपायच्या खोलीचं दार लावायचं. भिंतीवर निळ्या टेपचा चौकोन. शर्ट वर, पकड, बाहेर, वर, चाप. चाप ओढताना खुंट हलता कामा नये.

खुंट हलतो. चापामुळे नव्हे, चाप ओढायच्या आधीच हलतो. पकड ढिली झालीय. पकडीचा व्यायाम सुरू केला.

बायकोनं, रोएटानं, दारावर टकटक केली. "व्हर्ल, जेवण निवतंय. आणि तू चिडलायस का?"

"नाही."

"मग चेहऱ्याला सांग तसं."

सप्टेंबर १४, रविवार

आज गंभीर गोष्ट झाली. डार्ला रस्क दोन्ही मुलींना घेऊन आपल्या आईकडे राहायला आल्यापासून दर रविवारी दुसऱ्या बाकावर बसते. तिच्या नवऱ्यानं, डॅनीनं, गेल्या आठवड्यात पेंडीच्या दुकानासमोर चारचौघांत सांगितलं, "देवाच्या घरात लपलीय ना? बघतो देवाच्या दारात मला कोण अडवतं ते." तिच्या जवळ जायला त्याला कोर्टाची बंदी आहे, पण कागद काही दारात उभा राहत नाही.

दारात मी उभा राहतो. अकरा वर्षं. पथक मी उभं केलं, नियम मी केले. वर्षातून चार वेळा माझ्या रानात, यंत्रांच्या शेडमागच्या मातीच्या बांधापुढे परीक्षा. नापास झालात तर आठवड्यानं पुन्हा एकदा. पुन्हा नापास, तर दारावरून खाली. अपवाद नाही. या वसंतात ऑर्व्हिल प्रुइट खाली उतरला. माझ्या लग्नात माझ्या शेजारी उभा होता ऑर्व्हिल. "हातानं पाहुण्यांना कॉफी देता येते ना, मग दारही सांभाळता येईल," म्हणाला. मी म्हटलं, "कॉफी सांडली तर पुसता येते." तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. ते त्याच्यापाशी.

प्रार्थना संपल्यावर पास्टर हॅरल म्हणाले, "ब्रदर व्हर्लिन, तुम्ही दारावर आहात म्हणून डार्लाला झोप लागते."

पुढची परीक्षा नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या शनिवारी.

सप्टेंबर २७, शनिवार

टॅमी बेल्चर सरावाला आली. शाळेची बस चालवते. पस्तिशीची, हात लहान, तोंड मोठं. ऑर्व्हिलच्या जागी मी तिला घेतली तेव्हा चर्चचा कारभार बघणारे दोन डीकन नाराज झाले होते. मी म्हटलं, नेमाच्या पुठ्ठ्याला बाई-बुवा कळत नाही.

तिला माझ्या पिस्तुलाची मॅगझिन भरायला सांगितली, काडतुसांत मध्येच एखादं खोटं मिसळून. कुठलं कधी येईल ते मला माहीत नाही. खोट्यावर चाप ओढताना नळी खाली बुडाली तर माणूस धक्क्याला भितो आहे, हे उघडं पडतं. यापेक्षा प्रामाणिक यंत्र जगात नाही.

माझी नळी बुडाली नाही. एकदाही नाही. म्हणजे मी झटकत नाही, हे सिद्ध झालं.

"मग गोळ्या डावीकडे कशा जातात, कॅप्टन?" टॅमी म्हणाली.

"तेच शोधतोय."

"नळी बुडत नाही हे खरं. पण थरथरतेय. पोरांनी मागच्या सीटवर उड्या मारल्या की माझा आरसा थरथरतो, तशी."

"सकाळपासून तीन कप कॉफी झालीय."

"बरं." मग ती हसली. "आणि उजवा हात खिशाला शिवून घेतलाय का? चालताना एकच हात हलतो तुमचा."

मी म्हटलं, हात पिस्तुलाजवळ ठेवायची सवय आहे, ती प्रत्येकाला हवी. तिनं लगेच चालून दाखवलं, उजवा हात कंबरेला चिकटवून, पाय ओढत. "असं?" मला हसू आलं. तिच्या म्हणण्यानुसार मात्र मी हसलो नाही.

तिचा सराव बघण्यासारखा आहे. घरी कपड्यांची टोपली काखेत धरून डाव्या हातानं करते, खुर्चीत बसून करते, मुलाला पाठीमागे ढकलून मग करते. म्हणते, "वाईट माणूस मला सरळ उभं राहायला वेळ देईल असं नाही." हे मी शिकवलेलं नाही. पण चांगलं आहे.

कॉफी सोडली.

ऑक्टोबर ८, बुधवार

कॉफीनं काही फरक नाही.

नवे बूट निकामी निघाले. तळवा चिकट आहे. चर्चच्या आतल्या दालनाच्या चौकटीत पाय जमिनीला धरून बसतो. आज पंपाच्या शेडच्या दारातही तसंच. सपाट रानात काही नाही, चौकट आली की अडकतो. जुने बूट काढले. जुन्यांनाही तसाच चिकटपणा. शेडच्या दारात ग्रीस सांडलं असणार.

रोएटाचे कान गेलेत. प्रत्येक वाक्याला "काय?" म्हणते. मी म्हटलं, तपासून घे. ती म्हणाली, "मीच तुझ्यासाठी स्प्रिंगफील्डला वेळ घेतलीय, डॉक्टरांची."

"माझ्यासाठी कशाला?"

"तू पुटपुटतोस. हात हलतो. रात्री झोपेत लाथा मारतोस."

"हात सरावानं थकलाय."

"मग सराव कमी कर."

"डॅनी रस्कला सांग तसं."

वेळ रद्द करायला लावली. आत्ता गावात एक माणूस उघड धमकी देत फिरतोय आणि दारावरच्या माणसानं दवाखान्याच्या खोलीत कागदी झगा घालून बसायचं? परीक्षेनंतर बघू.

अक्षर फार बारीक येतंय. पेन बदललं पाहिजे.

ऑक्टोबर १८, शनिवार

दोष सापडला. चाप जड आहे.

इतका साधा विचार मला आधी कसा सुचला नाही? चाप जड असला की बोटाला जोर लावावा लागतो, जोर लावला की हात हलतो, हात हलला की गोळी भरकटते. कारखान्यातून चाप मुद्दाम जड करून पाठवतात, कारण त्यांना अडाणी गिऱ्हाइकांची भीती असते. मी अडाणी नाही. स्प्रिंग बदलली, दोन भाग बारीक दगडावर घासून आरशासारखे केले. आता चाप लोण्यातून सुरी जावी तसा सुटतो. दुपारभर काम केलं. एक छोटी पिन चिमट्यातून चार वेळा सुटली, टेबलाखाली रांगून शोधली. पण केलं.

अंगावर बाळगायच्या पिस्तुलाचा चाप हलका करू नये, असं पथकाच्या नियमांत आहे. तो नियम माझाच आहे. पण नियम ज्याला कारण माहीत नाही त्याच्यासाठी असतो.

ऑक्टोबर १९, रविवार

चर्चनंतर बांधापुढे गेलो. दहापैकी नऊ वर्तुळात. मी म्हणालोच होतो.

ऑक्टोबर २५, शनिवार

हे लिहायचं नव्हतं, पण मग दैनंदिनी कशाला?

सकाळी एकटाच होतो. दोन गोळ्या झाडल्या, चांगल्या गेल्या. पिस्तूल परत कंबरेच्या होल्स्टरमध्ये, त्याच्या म्यानात, ठेवत होतो. बोट चापाच्या बाहेर होतं. असायला हवं होतं. अंगठा आणि तर्जनी हल्ली आपली आपणच पिठाची गोळी वळल्यासारखी एकमेकांवर घासत राहतात, थंडीनं. तसंच काहीतरी झालं असावं. बार झाला. उजव्या मांडीवर चटका बसला. जीन्स गुडघ्याच्या वरून खाली फाटली आणि बुटाच्या टाचेचा एक कोपरा उडाला. रक्त नाही. कातडी भाजलीय एवढंच.

बसकण मारली तिथेच. किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही.

सरावातल्या अपघातांत हा सगळ्यात जुना आहे. झाडताना कुणी मरत नाही, ठेवताना मरतं. मी लोकांना सांगतो, होल्स्टरमध्ये ठेवायच्या वेळी जगात कुणालाही घाई नसते.

जीन्स शेडमध्ये जाळली. रोएटानं विचारलं, कसला वास? मला काही वास आला नव्हता.

ऑक्टोबर २६, रविवार

काल रात्री जुनी स्प्रिंग पुन्हा घातली. आज दुपारी बांधापुढे पाहिलं, दहातल्या पाच बाहेर. संध्याकाळी हलकी स्प्रिंग पुन्हा घातली.

जड स्प्रिंगनं डॅनी रस्क वाचतो आणि त्याच्या मागच्या बाकावरचा माणूस मरतो. हलकीनं कुणीही मरू शकतं. तिसरी स्प्रिंग नाही.

एखाद्याला सांगावं, तर कुणाला? पथकाला सांगितलं तर तो माझाच नियम. रोएटाला सांगितलं तर स्प्रिंगफील्ड. ऑर्व्हिलला सांगता आलं असतं. जानेवारीत, तो बोलत होता तोवर.

सकाळी चर्चच्या दारात उभा राहिलो, दोन्ही हात पट्ट्यात खोचून. डार्लाची धाकटी पोर आत जाताना दर रविवारी माझ्या गुडघ्याला टाळी देऊन जाते. आज तिनं जळक्या मांडीवर दिली.

नोव्हेंबर ९, रविवार

आला.

जसं घडलं तसंच लिहितो. दुसरं भजन चालू होतं. मी बाहेरच्या दालनात, टॅमी आत शेवटच्या बाकाशी. बाहेरचं दार उघडलं आणि डॅनी रस्क आत आला. तपकिरी कॅनव्हासचा कोट, दाढी वाढलेली, उजवा हात कोटाच्या आत. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बाजूला हो म्हाताऱ्या. माझ्या पोरी आहेत त्या."

मी त्याच्या आणि आतल्या दाराच्या मधे होतो, अगदी चौकटीत. या क्षणासाठी मी अकरा वर्षं शर्ट वर करत आलो. हात निघाला. मुठीपर्यंत पोचला. पकड बसली की नाही ते कळेना, कारण सगळी मूठच हलत होती. आणि एकच विचार आला: चाप हलका आहे. बाहेर काढलं तर गोळी कुठे जाईल ते मला माहीत नाही. माझ्या मागे अख्खं चर्च उभं राहून गात होतं.

मग बाजूला सरून त्याला भिंतीकडे घ्यायचं ठरवलं. पाय उचलेना. मी सांगत होतो आणि तो ऐकत नव्हता. चौकटीत खिळा मारल्यासारखा उभा राहिलो. आवाज द्यायला तोंड उघडलं, तर आवाजही घशातच राहिला.

टॅमी माझ्या काखेखालून बाहेर आली. खरंच काखेखालून. पिस्तूल तिच्या हातात, नळी जमिनीकडे, डावा हात पुढे. "डॅनी. हात बाहेर काढ. हळू. मला बघू दे, बाळा." शाळेच्या बसमध्ये बोलते तशीच बोलली, एक शब्द वर नाही की खाली नाही.

तो माझ्याकडे बघत होता. तिच्याकडे नाही, माझ्याकडे. बराच वेळ. मग त्याचं तोंड वाकडं झालं, हात बाहेर आला आणि हातात गुलाबी कागदात गुंडाळलेलं खोकं. थोरलीचा वाढदिवस होता. कंबरेला पिस्तूलही निघालं, पण तिथपर्यंत हात गेला नाही. जमिनीवर बसून तो लहान पोरासारखा रडला. शेरिफची माणसं येऊन घेऊन गेली.

एकही गोळी सुटली नाही.

त्यानंतर मी चौकटीतून कसा निघालो ते आठवत नाही. रोएटा म्हणते, तिनं हात धरून नेलं.

नोव्हेंबर १०, सोमवार

सगळं गाव फोन करतंय. डॅनी शेरिफला म्हणाला म्हणे, "तो म्हातारा हललासुद्धा नाही. डोळासुद्धा लववला नाही. दगडासारखा माझ्याकडे बघत राहिला. तेव्हा कळलं, याच्या पुढे जाता येणार नाही."

पेट्रोल पंपावर कॉफीचे पैसे घेतले नाहीत माझ्याकडून. "तुमच्यासारखे संकटात न डगमगणारे, नसांत बर्फ असलेले लोक आता उरले नाहीत," म्हणाला पोरगा.

मी कॉफी तिथेच ठेवून आलो. कपाचं झाकण सारखं वाजत होतं.

नोव्हेंबर १२, बुधवार

टॅमी आली, बसच्या फेऱ्या संपवून. शेडमध्ये मी मोटर उघडत होतो. ती उलट्या बादलीवर बसली.

"कॅप्टन, एक विचारू? रागवायचं नाही."

"विचार."

"तुम्ही हलला नाहीत, की हलता आलं नाही?"

मोटरचा स्क्रू काढला. पुन्हा घातला.

"तुमची मूठ माझ्या कानाशी होती," ती म्हणाली. "होल्स्टर खडखडत होतं. मी कुणाला बोललेले नाही. बोलणारही नाही. पण पुढच्या वेळी मला माहीत असायला हवं ना, काखेखालून जायचं की पाठीमागून?"

"माझी काख तुला काय रस्ता वाटली? घरी जा," मी म्हणालो.

गेली. दारात थांबून म्हणाली, "मला पाच मिनिटांचं वेड तुम्हीच लावलंत. त्या दिवशी हात माझ्या आधी पोचला होता. एवढंच सांगायचं होतं."

स्क्रूचे आटे गेले. नवा लावावा लागेल.

नोव्हेंबर १६, रविवार

हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झालाय, तरी चर्च भरलेलं. पास्टर हॅरल व्यासपीठावरून माझ्याविषयी बोलले. "ब्रदर व्हर्लिननं शस्त्र उपसलं नाही. तो फक्त उभा राहिला. उभं राहणं, हीच श्रद्धा." माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. डार्ला रडत होती. मी दारात, आणि मला पळून जायचं तर मागे दार उघडंच होतं. पण पळणार कशानं?

नंतर डीकन लोकांनी ठरवलं की मला यापुढे परीक्षा नको. "तुमची परीक्षा परमेश्वरानंच घेतली," असं एकजण म्हणाला. म्हणजे मी आता जन्मभर या दारावर. कुणी उतरवणार नाही. आणि पुढच्या खेपेला जो येईल त्याच्या हातात गुलाबी खोकं असेलच असं नाही.

मी "नाही" म्हणालो असेन. कुणालाच ऐकू गेलं नाही. बहुतेक पुटपुटलो.

नोव्हेंबर २३, रविवार

दुपारी अंगणात जुना निळा ट्रक येऊन थांबला. ऑर्व्हिल. हातात हरणाच्या मटणाची मिरचीदार चिली, झाकणबंद पातेल्यात. रोएटानं त्याला मिठी मारली आणि आम्हाला पडवीत सोडून आत गेली.

"तुला टोमणे मारायला आलो होतो," ऑर्व्हिल म्हणाला. "ट्रकमध्ये चांगले पाठ केले होते. नसांतला बर्फ वितळला का, वगैरे."

"मग मार."

"नाही मारत आता. पातेलं घ्यायला उठलास ते बघितलं." तो टोपी फिरवत बसला. "लेस्टर आठवतो? माझा भाऊ."

आठवतो. शेवटी शेवटी खुर्चीतून उठायला त्याला दोघे लागायचे.

"त्याचीही सुरुवात अंगठ्यापासून झाली. अशीच, तंबाखू मळल्यासारखी. आम्ही म्हणायचो, लेस्टर, पैसे मोजतोस का? दोन वर्षं हसलो, व्हर्ल. दोन वर्षांत औषधानं बरंच सावरलं असतं, डॉक्टर म्हणाले."

"मी रोज सराव करतो," मी म्हणालो. "लेस्टरनं आयुष्यात व्यायाम केला नाही."

"हो रे."

"पकड कमी झालीय, ती येईल."

"हो."

तो हो म्हणत गेला आणि मला त्याला पडवीतून ढकलून द्यावंसं वाटलं. जाताना म्हणाला, "तू मला उतरवलंस तेव्हा मी घरी जाऊन तुला नाही नाही ते बोललो. पण सहावी गोळी पुठ्ठ्याला लागलीच नव्हती माझी. कुठे गेली ते मला आजही माहीत नाही. रात्री त्या गोळीचा विचार करतो."

चिली चांगली होती, असं रोएटा म्हणते. मला चव लागली नाही.

नोव्हेंबर २६, बुधवार

वरून खाली गेलो. खुंट, काडतुसं, धक्का, पकड, कॉफी, बूट, चाप. सगळं खोडून झालं.

डीकनांना फोन केला. शनिवारी मी परीक्षा देणार. रोएटाला म्हटलं होतं, मी पुटपुटलो तर "मोठ्यानं बोल" म्हणून मागून ढोस. तिनं ढोसलं. त्यांना ऐकू गेलं.

नोव्हेंबर २९, शनिवार

सकाळी हलकी स्प्रिंग काढून ऐरणीवर ठेवली आणि हातोड्यानं सपाट केली. कारखान्याची जड स्प्रिंग घातली.

पथकातले सगळे आले. पास्टरही आले, हातमोजे चोळत. टॅमीच्या हातात टायमर. माझ्या मागे उभी राहिली, आणि माझा हात होल्स्टरकडे जाईल तेव्हा सगळे माझ्या किती मागे असावेत ते तिनं मला न विचारता ठरवलं. नेहमीपेक्षा बरंच मागे. बरोबर केलं.

टायमर वाजला. शर्ट वर, पकड, बाहेर. इतकी वर्षं केलेली गोष्ट अंग विसरत नाही, फक्त ती आता पाण्याखालून केल्यासारखी होते. हात आपल्या जागी पोचत होता, पण उशिरा, आणि पोचल्यावर स्थिर होत नव्हता. एकही चाप मी झटकला नाही. हे लिहून ठेवतो, कारण ते खरं आहे.

पुठ्ठा बघायला कुणी पुढे गेलं नाही. मीच गेलो. वर्तुळात चार. बाहेर पाच. एक पुठ्ठ्यातच नाही.

पास्टर म्हणाले, "केवढी थंडी आहे, ब्रदर. बोटं आखडतात. आठवड्यानं पुन्हा घ्या. नियमच आहे तुमचा."

टॅमी टायमर मुठीत धरून माझ्याकडे बघत होती. ती "थंडी" म्हणाली असती तर मी तिला कधीच माफ केलं नसतं.

"थंडी टॅमीलाही आहे," मी म्हणालो. "आणि आठवड्याच्या मधे उद्याचा रविवार येतो."

पिस्तूल रिकामं केलं. दोनदा बघितलं, बोट घालून बघितलं. होल्स्टरसकट पट्टा काढला आणि शेडच्या कपाटात ठेवला. किल्ली रोएटाकडे. ती म्हणाली, स्प्रिंगफील्डला मंगळवारी एक वेळ रिकामी आहे. तिनं ती वेळ रद्द केलीच नव्हती. पुढे पुढे ढकलत ठेवली होती.

आता सराव कशासाठी करायचा? संध्याकाळी सवयीनं झोपायच्या खोलीत गेलो, दार लावलं, आणि निळ्या चौकोनासमोर रिकाम्या हातानं उभा राहिलो. कंबर हलकी लागत होती. लोक म्हणतात, सरावानं माणूस पारंगत होतो. होतोही. पण सरावाचं दुसरं एक काम आहे, ते मी इतक्या वर्षांत कुणाला शिकवलं नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं. रोज तेच केलं की ज्या दिवशी ते जमत नाही तो दिवस कळतो. न करणाऱ्याला कळत नाही. मला सप्टेंबरातच कळलं होतं, आणि मी खुंट तपासत बसलो.

नोव्हेंबर ३०, रविवार

चर्चला गेलो. टॅमी दारावर. निळा कोट, केस बांधलेले. "गुड मॉर्निंग, मिस्टर स्ट्राउड," म्हणाली. कॅप्टन म्हणाली नाही. बरं केलं की वाईट, ठरवता येत नाही.

आतल्या चौकटीत पाय थांबले. पुढे रोएटा, मागे माणसांची रांग, आणि मी बाटलीतल्या बुचासारखा मधे. कुणीतरी मागून म्हणालं, "सावकाश, ब्रदर." घाम फुटला. रोएटा हात ओढत होती, आणि ओढलं की पाय आणखीच रुततात.

ऑर्व्हिल बाजूनं आला, कॉफीची किटली हातात घेऊन. माझ्या बुटापुढे त्यानं आपला बूट आडवा ठेवला. "पुढे जायचा विचार करू नकोस," म्हणाला. "माझा पाय ओलांड."

ओलांडला. सहज. पलीकडे पोचलोसुद्धा.

"लेस्टरसाठी हेच करायचो," तो म्हणाला. "फुकट नाही हं. किटली तू धुवायची."

चौथ्या बाकावर रोएटाच्या शेजारी बसलो. अकरा वर्षं या जागेकडे मी मागून बघितलंय, आणि तिच्या शेजारची रिकामी जागा कधी मोजली नव्हती. इथून पास्टर हॅरलचा चेहरा दिसतो. डार्लाच्या पोरींच्या वेण्या दिसतात. दार दिसत नाही. दार पाठीशी.

दुसऱ्या भजनाच्या मधे दार उघडलं. थंड वारा मानेला लागला. कुणाची तरी पावलं, जड, एकट्याची. सगळं अंग वळायला निघालं. दोन्ही हातांनी पुढच्या बाकाची कड धरली. कड थरथरायला लागली, आणि त्या बाकावरची म्हातारी मागे वळून बघून पुन्हा गायला लागली. रोएटानं आपला हात माझ्या हातांवर ठेवला, दाबला नाही, नुसता ठेवला.

"कोण आलं?" तिनं कानाशी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

मागे टॅमीचा आवाज आला, एक शब्द वर नाही की खाली नाही. काय म्हणाली ते भजनात ऐकू आलं नाही. पावलं थांबली. भजनाचं कडवं संपेपर्यंत मी कड सोडली नाही. मग पावलं पुढे निघाली आणि आमच्या मागच्या बाकाची लाकडं कुरकुरली, कुणीतरी बसलं.